सोनं पायी घालत नाहीत

१

रुखमाबाईनं ट्रंकेचं झाकण उघडलं, लुगड्यांच्या घड्या एकेक करून जमिनीवर ठेवल्या, तळाशी अंथरलेला जुना कागदही उचलला, आणि मग हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. एकदाणी नव्हती.

एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची एक सर. लेकीला ती माहेरून मिळते आणि बाई ती जन्मभर जपते. त्या घरात सोनं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि ते मोडायला आम्ही मूल गावच्या सोनाराकडे निघालो होतो. मी जीपची किल्ली हातात घेऊन दारात उभा होतो.

मी गुणवंतराव. वनखात्यातून क्षेत्र सहायक, म्हणजे राउंड ऑफिसर, म्हणून निवृत्त झालो, पण पोंभुर्ण्याच्या आसपास मला अजून राउंडसायेबच म्हणतात. उभी नोकरी वाघांचे माग काढण्यात गेली. पुढे झाडांना कॅमेरे बांधले गेले आणि माझ्यासारख्यांच्या डोळ्यांना काम उरलं नाही. लोक म्हणतात, सायेबाच्या तोंडात कारलं आहे. असेल. मला साखरेचा आजार आहे, तेव्हा कारलंच बरं.

खाटेवर रुखमाबाईचा नवरा, माझा जुना सोबती लटारू, बसला होता. हा वनमजूर म्हणून माझ्याबरोबर जंगल तुडवत फिरला, आणि आता स्वतःच्या धानाच्या बांधावर चालणंही त्याला जड झालं होतं. साखरेनं त्याच्या तळपायांतली जाणीव नेली होती. गेल्या वर्षी डाव्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला, तो त्याला कळलाच नाही. वास आला तेव्हा कळलं. अंगठा काढला. आता त्याच पायाच्या तळव्याला नवी जखम झाली होती, आणि डॉक्टरीणबाई गुडघ्याखालून पाय काढायची भाषा करत होत्या.

"अंगठ्यानं बैलजोडी नेली, सायेब," लटारू म्हणायचा. "आता पाय जाते तं संगं काय काय नेते, पाहू."

हे त्याचं बोलणं थट्टेचं नव्हतं. पाय कापायचा खर्च सरकारी योजनेत बसतो, हे खरं. पण कापणं हाच त्यातला स्वस्त भाग असतो. नागपूरला जाणं-येणं, सोबतच्या माणसाचं राहणं-खाणं, पोराची बुडालेली मजुरी, महिनोन्‌महिने मलमपट्टी, मग नकली पाय, तो झिजला की दुसरा. आणि एका पायानं चिखलात धानाची रोवणी होत नाही, हे तर कुठल्याच योजनेत लिहिलेलं नसतं.

"घरातलं सोनं बाहेरचा कशाले नेईल?" रुखमाबाईचा भाऊ दसरू म्हणाला. पोळ्याला आला तो अजून गेला नव्हता. बोलताना तो कोणाकडे पाहत होता हे सगळ्यांना दिसलं. सून रिना मलमपट्टीचं ताट हातात घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"मामा, तोंड सांभाळून बोला," लटारूचा मुलगा आदेश उसळला. "घरात तुमी बी होते."

"रिनानं नाई घेतलं," रुखमाबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पक्का होता.

"मंग कोनं घेतलं?"

ती लुगड्यांच्या घड्या परत ट्रंकेत ठेवू लागली. आदेशनं पोलिसांचं नाव काढलं तेव्हा मात्र तिनं झटकन मान वर केली. "पोलीस नोको."

मी निघालो तशी ती मागून अंगणात आली. तिनं इकडेतिकडे पाहिलं.

"भाऊ, तुमचा स्वभाव मले माहीत आहे. तुमी शोधान. पण नोका शोधू. थे सोनं आता भेटत नाई."

२

शोधू नका म्हटल्यावर न शोधणारा माणूस वनखात्यात टिकत नाही. दुपारीच मी एकेकाला गाठलं.

दसरू पारावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. त्याला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा होता आणि बहिणीकडे त्यानं हात पसरला होता, हे गावाला माहीत होतं. ते त्यानं लपवलंही नाही. "मांगतले पैसे. बहीण नाई म्हणाली. मंग का चोरी करन? अन् केली असती तं इथी बसून खर्रा खाल्ला असता का? त्या पोरीले विचारा. आषाढात वरोऱ्याले माहेरी गेल्ती. हातात पिशवी होती."

"माहेरी जाताना पिशवीच नेतात, दसरू. हत्ती नाई नेत," मी म्हणालो. त्यानं तोंड वाकडं केलं आणि पुन्हा खर्रा घोटू लागला.

आदेश गडचांदूरच्या बाजूला एका सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. बापाच्या पायासाठी रजा काढून आला होता, आणि रजेचा पगार मिळत नव्हता. त्याच्यावरही संशय घेता येत होता, कारण उन्हाळ्यात त्यानं तिकडे प्लॉट घ्यायला आईकडे हीच एकदाणी मागितली होती.

"मांगतली होती काका, खोटं कायले बोलू? माय नाई म्हणाली, मी गप बसलो. तसं बी तवा मायचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जेठात गावात चोराइनं दोन घरं फोडले. मी कामावर, बाबा शेतावर, माय अन् रिना तेंदूपत्ता तोडाले, घर दिवसभर उघडं. मायले झोप नाई लागे. कधी पेटी इथी ठेवे, कधी तिथी."

"मग पाहिली कधी तू एकदाणी शेवटची?"

"तवाच. त्याच्यानंतर कोनीच नाई पाह्यली."

रिनाला मी मागच्या अंगणात गाठलं. ती सासऱ्याच्या पट्ट्या उकळून दोरीवर वाळत घालत होती. दवाखान्यातल्या नर्सकडून ती हे काम शिकून आली होती, आणि रोज न चुकता करत होती.

"माह्या भाऊ रविवारी येऊन राह्यला मले न्याले," ती म्हणाली. "चोरीचा आळ घेऊन मी इथी नाई राहत. पण काका, मी गेली तं बाबांची पट्टी कोन करल? आईच्या हाताले कापरं आहे. हे तं कामावर जातीन."

तिनं पिळलेली पट्टी पुन्हा पिळली. मला अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून मी दोरीवरच्या पट्ट्यांकडे पाहत राहिलो. उकळूनही त्यांवर फिकट डाग राहिले होते. रक्ताचे असतात तसे काही होतेच, पण काही निळे होते.

"हे काय लागलं?"

"मले बी समजत नाई. रोज असा निळा निळा चुरा असते. मी घासून काढतो. अन् माती बी असते, बाबा म्हणते शेतावरच्या खोपडीत नुसता बसून राहतो तरी."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला सोनं शोधायचं होतं, आणि निळ्या चुऱ्याचा सोन्याशी काय संबंध?

३

दुसऱ्या दिवशी लटारूला चंद्रपूरला दाखवायचं होतं. मी जीप काढली. मागं तो आणि रुखमाबाई बसले.

डॉ. दिव्यानी वयानं लहान, पण पाय हातात घेतला की घाई न करणारी बाई. त्यांनी जखम धुतली, बराच वेळ पाहिली आणि पुन्हा एक्स-रे उजेडाकडे धरला.

"मला ही जखम समजत नाही," त्या सरळ म्हणाल्या. मला त्या तिथंच आवडल्या. न समजलेलं न समजलं म्हणणारे अधिकारी मी नोकरीत फार पाहिले नाहीत. "अशा बधिर पायाला जखमा होतात त्या भार पडतो तिथं. बोटांच्या मुळाशी, टाचेवर. ही तर तळव्याच्या मधल्या खोलगट भागात आहे. हाडं खचून तळवा सपाट झाला तर तिथंही होते, पण यांची हाडं शाबूत आहेत. हा भाग जमिनीला टेकतच नाही. मग इथं जखम झाली कशी?"

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला.

"तुम्ही चालताना काय घालता, बाबा? गेल्या वर्षी मी दिलेल्या त्या निळ्या मऊ चपला घालता ना?"

लटारूनं मान खाली घातली. "नाई म्याडम. थ्या मी नाल्यात टाकून देल्ल्या."

मी सहज रुखमाबाईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि तिचा हात मोकळ्या गळ्याशी गेला होता.

"का हो टाकल्या?" डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण दुखावल्या.

उत्तर मीच दिलं. आमच्या भागात जाड निळ्या रबराची, पट्ट्याची ती चप्पल लोकांनी वर्षानुवर्षं एकाच प्रकारच्या पायांत पाहिली आहे. महारोग झालेल्यांच्या. तीही बधिर पावलंच, म्हणून त्यांना तीच चप्पल. पण गावाला हे कोण सांगणार? चप्पल दिसली की लोक अंतर ठेवून बसतात, पंगतीत पत्रावळ जरा बाजूला सरकते.

"लोकं म्हणतीन लटारूले महारोग झाला," तो पुटपुटला. "एक पोरगा आहे. त्याच्या लेकराबाळाइले उद्या कोन पोरगी देईन?"

डॉ. दिव्यानींनी उसासा टाकला. "आजार अंगावर काढता, आणि लोकांचं बोलणं मनावर घेता. पुढच्या तपासणीपर्यंत ही जखम भरायला लागली नाही, तर मला तुम्हाला नागपूरला पाठवावं लागेल. मग पाय वाचणार नाही."

घरी आल्यावर लटारूनं अंगणात उजवा पाय धुतला आणि ओट्यावर चढला. ओल्या पावलाचा ठसा उमटला. पुढं बोटं, मागं टाच, आणि मध्ये रुंद कोरी जागा. मी तिथंच उभा राहून त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिलो. जखम होती ती डाव्या पायाच्या नेमक्या या जागी.

पावलाचा हा भाग जमिनीपर्यंत पोचत नसेल, तर काहीतरी जमिनीवरून उठून पावलापर्यंत आलं होतं.

४

सकाळी मी लटारूच्या शेतावर गेलो. धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या, बांधावरचा चिखल वाळत आला होता. माग पाहायला याहून चांगली जमीन नसते.

गावाकडून खोपडीपर्यंत एक माग आला होता, साध्या प्लॅस्टिकच्या चपलेचा, टाचेला झिजलेला. तो लटारूचा. खोपडीपासून पुढं बांधावर दुसराच माग सुरू होत होता. रुंद, सपाट, जाड तळाचा, आडव्या रेघांचा. अशी चप्पल आमच्या गावात कोणी घालत नाही.

पहिल्यांदा वाटलं, कोणी दुसरा माणूस इथं येऊन जातो. दसरू? आदेश? सोनं इथं तर पुरलं नाही? मी वाकून नीट पाहिलं. डावं पाऊल थोडं बाहेर फेकलेलं. आणि पाऊल उचलताना अंगठ्याच्या जागी जो दाब पडतो, तो नव्हता.

एकदा एका वाघिणीचं नख आणि बोट फासात गेलं होतं. पुढं ती कुठंही गेली तरी मी तिला ओळखायचो. माणूस चप्पल बदलतो, पण गेलेलं बोट परत येत नाही. दोन्ही माग एकाच माणसाचे होते, आणि तो माणूस म्हणाला होता की चपला नाल्यात टाकल्या.

मी बांधावर बसलो. खरं सांगतो, तिथं बसल्या बसल्या सगळं एकेक करून जागेवर आलं, आणि आलं तसं मला बरं वाटलं नाही.

पट्टीवरचा निळा चुरा चपलेच्या रबराचा होता. म्हणजे लटारू चपला घालत होता, फक्त लपून. गावातून प्लॅस्टिकची घालून यायचा आणि कोणी पाहत नाही तिथं डॉक्टरीणबाईंचं ऐकायचा. पण मऊ चपलेनं जखम कशी होईल? झाली, कारण त्या चपलेत काहीतरी होतं. तळव्याच्या खोलगट भागाखाली.

आणि रुखमाबाई? घरातलं सोनं गेलं तरी तिनं छाती बडवली नाही. पोलीस नको म्हणाली. रिनानं घेतलं नाही हे ती शपथेवर सांगावं तसं बोलली. कोणी घेतलं हे माहीत नसताना कोणी घेतलं नाही हे इतकं पक्कं कसं माहीत असतं? सोनं कुठं होतं हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच. आणि नाल्यात टाकलेल्या चपलांचं नाव निघालं तेव्हा तिचा हात गळ्याकडे गेला होता, जिथं एकदाणी असायची तिथं.

जेठात घरं फुटत होती. घर दिवसभर उघडं. चोर ट्रंक उचकटतो, धान्याची कणगी उपसतो, चूल खणतो. पण असली चप्पल पाहिली की तो हात लावत नाही.

मी उठून खोपडीत गेलो. कुडाच्या वरच्या बाजूला युरियाची पिशवी खोचलेली होती. तिच्यात त्या निळ्या चपला होत्या.

"सायेब!" मागून आवाज आला. "इथी काय करून राह्यले?"

लटारू काठी टेकत दारात उभा होता.

५

तो माझ्या हातातल्या चपलांकडे पाहत राहिला, आणि मग खाली बसला. चोरी पकडलेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं होतं.

"सांगू नोका कोनाले. आषाढात एका सकाळी पिशवीत घालून आणल्या घरून. म्याडमनं एवढ्या मायेनं देल्ल्या होत्या. म्हटलं, इथी कोन पाहते? मंग जखम झाली. मले वाटलं, मी कमी घालतो म्हणून झाली. म्हणून आणखी घालू लागलो. जितकी वाढली तितकी जास्त घातली, सायेब. बांधावर फेऱ्या मारल्या मुद्दाम. तरी बरी नाई झाली."

पाय जपायला म्हणून हा माणूस रोज त्याच चपलेत पाय घालत होता, आणि जितकं जपत होता तितका पाय सडत होता.

"लटारू, डोळ्यानं दिसते का तुले बरोबर?"

"दूरचं दिसते. जवळचं अंधुक."

मी डावी चप्पल उलटी केली, सुलटी केली, आतून बोटं फिरवली. मधल्या भागात रबर झिजून पातळ झालं होतं आणि खाली काहीतरी टणक, एका ओळीत हाताला लागलं. बाजूचा चिकटवलेला सांधा कधीतरी उकलून पुन्हा चिकटवल्यासारखा दिसत होता. चाकू लावायच्या आधीच मला कळलं होतं, तरी मी लावला. रबराचे दोन पदर सुटले, आणि आतून मणी निघाले. काही चेपून चपटे झाले होते. एकदोन मण्यांवर सुकलेलं रक्त होतं.

लटारूनं ते हातात घेतलं. डोळ्यांजवळ धरलं. बायकोच्या गळ्यात चाळीस वर्षं पाहिलेली वस्तू ओळखायला त्याला चांगले डोळे लागत नव्हते.

"रुखमीनं ठेवलं," तो हळूच म्हणाला. "तिले वाटलं, मी थ्या घालतच नाई."

"हो."

तो बोटानं एकेक मणी सरकवत राहिला. बाहेर धानावर वारा फिरत होता. मला वाटलं, आता रागावेल. मी असतो तर रागावलो असतो, नवरा-बायकोच्या एका शब्दानं हे सगळं टळलं असतं म्हणून. पण तो भलतंच बोलला.

"सायेब, माह्यं एक काम करा. मी थ्या घातल्या होत्या, हे घरी सांगू नोका. म्हणा, खोपडीत तशाच ठेवल्या होत्या. सोनं भेटलं. बस."

"अरे, पण जखम कशानं झाली हे डॉक्टरीणबाईले सांगावं लागते."

"म्याडमले सांगा. रुखमीले नोका सांगू." त्यानं डाव्या पायावर हात ठेवला. "मले काय, पाय दुखतच नाई. पण तिले दुखल."

६

घरी सगळे होते. रिनाचं सामान बांधून झालं होतं आणि तिचा भाऊ दारात बसला होता. दसरू कोपऱ्यात. लटारूनं एकदाणी खाटेवर ठेवली, तसे सगळे एकदम उभे राहिले.

"कोनीच नाई चोरली," लटारू म्हणाला. "मी चपला टाकल्या नव्हत्या. लाज वाटे म्हणून खोपडीत लपवल्या होत्या. सायेबाइनं काढल्या. त्यात होती." आणि मग, थोडं जोर देऊन, "एक दिवस बी पायात नाई घातल्या. तशाच होत्या."

रुखमाबाई रडू लागली. तिचा बांध आता फुटला. "मीच ठेवली होती. चोराच्या भेवानं. मले वाटलं, या चपलेले कोनी शिवत नाई. पण सोनं पायी घालत नाईत, माय सांगे. लक्ष्मी असते थे. मी लक्ष्मीले चपलीत कोंबलं. परवा सोनं मोडाचं ठरलं तवा विचारलं यायले, चपला कुठी आहे, तं म्हणे नाल्यात टाकल्या. मले वाटलं, देवीनं सोनं बी नेलं अन् आता पाय बी नेते. कोन्या तोंडानं सांगू? म्हणून पेटी उघडाचं सोंग केलं. अन् पोरीवर आळ आला तरी मी चूप राह्यली." तिनं रिनाचे दोन्ही हात धरले. "माफ कर मले."

रिनानं पिशवीची गाठ सोडली आणि पट्टीचं ताट काढून चुलीवर पाणी ठेवलं. आदेश तिच्या मागं गेला. दसरू माझ्याकडे पाहून म्हणाला, "मी बी बोललो जास्तीचं," आणि आपली टोपी शोधू लागला. त्याच्या तोंडून एवढं निघालं, हेच पुष्कळ.

मी मात्र रुखमाबाईकडे पाहत होतो. तिनं मणी उचलले. चपट्या झालेल्या मण्यावर तिचा अंगठा थांबला. मग तिनं डावी चप्पल हातात घेतली. उलटी केली. तळाच्या आडव्या रेघा झिजल्या होत्या आणि त्यांत बांधाची ताजी माती होती. तिनं आत पाहिलं, झिजलेल्या निळ्या खळग्याकडे, तिथल्या काळ्या डागाकडे. आणि मग नवऱ्याच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे.

माग वाचणारा मी एकटाच आहे असा माझा उगाच समज होता.

लटारू तिच्याकडे पाहत होता, श्वास धरून. तिनं पदरानं चप्पल पुसली, दोन्ही चपला जवळजवळ ठेवल्या.

"हो," ती म्हणाली. "नव्याच आहेत."

पुढं त्यावर त्या घरात कोणी काही बोललं नाही. डॉ. दिव्यानींना मी सगळं सांगितलं. त्या फोनवर म्हणाल्या, "आता कारण कळलं. आता पाय जमिनीला टेकू देऊ नका, बाकी मी पाहते." दिवाळी लटारूनं खाटेवर काढली. रिनानं रोज पट्टी केली, आणि पट्टी पांढरी निघू लागली. एकदाणी मोडली, पण सगळी नाही. पाय कापायला काढलेलं सोनं पाय राखण्यात गेलं, तेही अर्धंच. उरलेले मणी रुखमाबाईनं नव्या दोऱ्यात ओवून रिनाच्या गळ्यात घातले.

माघात जखम भरली. मोठा वण राहिला, पण पाय राहिला. डॉक्टरीणबाईंनी नव्या चपला दिल्या, तशाच, निळ्या, पट्ट्याच्या. मी त्या दिवशी जीप घेऊन लटारूच्या दारात उभा होतो. समोर रस्ता, पारावर माणसं बसलेली.

लटारू ओट्यावर आला आणि प्लॅस्टिकची चप्पल शोधू लागला. रुखमाबाई नव्या चपला घेऊन बाहेर आली. त्या तिनं अंगणाच्या मधोमध आणल्या, रस्त्यावरून दिसतील अशा.

"घाला."

"अवं, लोकं..."

"पाहू द्या लोकाइले."

ती खाली बसली. चपला त्याच्या पायांपुढं ठेवायच्या आधी तिनं डावीच्या आत हात घातला आणि टाचेपासून बोटांपर्यंत तळावरून सावकाश फिरवला. मग उजवीत घातला. पुन्हा डावीत. मग तिनं पट्टे उघडून चपला समोर सरकवल्या, आणि लटारूनं पारावरच्या माणसांकडे न पाहता पाय आत घातले.

रिना सांगत होती, आई आता हे रोज करते.